तोंड फिरवणारा कुत्रा

एका माळरानाच्या कडेला एक शिकारी झोपडी बांधून राहत असे. तित्तिर आणि लावे जाळ्यात धरायचे, हाच त्याचा धंदा. त्याचा जुना कुत्रा म्हातारा होऊन मेला, तेव्हा त्याने एक जातिवंत पिल्लू आणले. मुलांनो, या जातीच्या कुत्र्यांची रीत अशी, की गवतात दडलेल्या पाखराचा वास लागला तरी ते भुंकत नाहीत की झेप घेत नाहीत. एक पाय उचलून, नाक पाखराच्या रोखाने धरून दगडासारखे उभे राहतात. मग शिकाऱ्याने सावकाश यावे आणि जाळे टाकावे.

शिकारी मुळात उतावळा. पिल्लाचे दुधाचे दात पडले न पडले तोच तो त्याला माळावर घेऊन निघाला. बायको म्हणाली, "अहो, अजून ते तुम्हाला नीट ओळखतही नाही. थोडे दिवस अंगाखांद्यावर खेळू द्या." शिकारी म्हणाला, "कुत्रा कामासाठी आणलाय, लाडासाठी नाही." माळावर पिल्लाला वास लागला, क्षणभर ते थबकलेही; पण अंगात पोरपणा, त्याला राहवले नाही. त्याने उडी घेतली आणि तित्तिर भुर्रकन उडून गेला. शिकाऱ्याने जागच्या जागी त्याला काठीने झोडपले. पुन्हा तेच झाले, पुन्हा मार बसला. त्यानंतर मात्र पिल्लू कधी पाखरावर धावले नाही आणि शिकारी खूश झाला. पण आता जाळे रोज रिकामेच घरी येऊ लागले. कुत्रा माळभर हिंडे आणि एकही पाखरू दाखवीत नसे. "याला नाकच नाही," शिकारी वैतागून म्हणाला आणि त्याला लांब रानात सोडून यायला निघाला.

वाटेत तो एका बांधाच्या सावलीला टेकला. बांधापलीकडे एक ससा एका तित्तिराला विचारत होता, "तुला त्या कुत्र्याची भीती नाही वाटत?" तित्तिर म्हणाला, "भीती कसली? त्याचं नाक तर इतकं तिखट, की मी कुठे बसलोय ते त्याला लांबूनच कळतं. पण माझा वास आला की त्याला मार आठवतो. मग तो हळूच तोंड फिरवतो आणि दुसऱ्या वाटेने निघून जातो. त्याच्या धन्याच्या काठीला उदंड आयुष्य लाभो. तिच्याच कृपेने माझी पिल्लं वाढताहेत." शिकाऱ्याने मान वळवून पाहिले. कुत्रा बसला होता, पण काठी पोहोचणार नाही इतक्या अंतरावर. शिकारी खजील झाला. काठी तिथेच टाकून तो कुत्र्याला घेऊन घरी परतला.

मग त्याने सारे पहिल्यापासून मांडले. कुत्रा हातून भाकरी घेईना, तेव्हा तो तुकडा ठेवून पाठ फिरवून बसे. पुढे कुत्रा तळहातावरून खाऊ लागला, हाकेला येऊ लागला, "थांब" म्हटले की तुकड्यापुढेही थांबू लागला. त्या हंगामात शिकार झालीच नाही. नवराबायकोने मोळ्या विकून दिवस काढले. पुढच्या हिवाळ्यात शिकारी त्याला माळावर घेऊन गेला. एका झुडपापाशी कुत्रा थबकला आणि जुन्या धाकाने त्याची मान वळू लागली. शिकारी होता तिथेच खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "थांब, बाळा." कुत्र्याने त्याच्या तोंडाकडे पाहिले. मग त्याने नाक पुन्हा झुडपाकडे वळवले आणि एक पाय उचलला. शिकारी सावकाश आला, त्याने थरथरत्या पाठीवर हात ठेवला आणि जाळे टाकले. पाखरू आत फडफडू लागले. पण शिकाऱ्याने आधी कुत्र्याचे कान कुरवाळले आणि मगच तो जाळ्याकडे वळला.

तात्पर्य : माराने काम शिकवता येत नाही, कामाची भीती तेवढी शिकवता येते, म्हणून आधी विश्वास, मग विद्या.