मधली रिंग

फिल्मवर फोटो निघायचे त्या काळी कोल्हापूरच्या एका स्टुडिओत एक म्हातारी लेन्स राहायची. तिचा लाकडी कॅमेरा वाळवीनं खाल्ला होता. शेजारी एक नवा, जाडजूड कॅमेरा होता, पण दोघांची तोंडं काही जुळत नव्हती. फोटोग्राफर मंदाकिनीबाईंचा त्या लेन्सवर जीव होता. त्यांनी लेथवाल्या इलाहीभाईंकडून पितळेची रिंग करून आणली आणि दोघांच्या मधे बसवली.

पहिल्या फोटोत जवळची माणसं स्वच्छ आली, डोंगरावरचं देऊळ मात्र धुरात बुडाल्यासारखं.

“हा कॅमेराच अडाणी,” लेन्स म्हणाली.

“म्हातारीला लांबचं दिसत नाही,” कॅमेरा म्हणाला. मग दोघं मिळून रिंगवर घसरले. “तुला कुणी सांगितलं होतं मधे यायला?”

रिंग शांतपणे म्हणाली, “चूक माझीच आहे. मी केसभर जाड आहे, म्हणून जास्त मधे आलेय. बाई, मला घासून आणा.”

इलाहीभाईंनी ती पुन्हा लेथवर चढवली. पितळेचा भुगा पडत राहिला, रिंगनं हूं की चूं केलं नाही. पुढच्या फोटोत देवळावरच्या झेंड्याची फाटकी कडसुद्धा दिसली.

कॅमेरा बघतच राहिला.

संध्याकाळी बाई लेन्स काढून पुसायला लागल्या, तशी ती घाईघाईनं म्हणाली, “परत बसवताना आधी ती रिंग लावा हं, बाई. ती मधे आली नाही, तर आमचं दोघांचं जमत नाही.”