काटेवकिलांचा तिसरा अध्याय

त्या रानात न्याय सगळ्यांना मिळत असे. फक्त तो मागताना तोंडात कुसळी गवताची पेंडी धरून उभं राहावं लागे. नम्रता म्हणून हो, दुसरं काही नाही. कुसळं घशात रुतायची, म्हणून गवत गिळता येत नसे आणि तोंड भरलेलं, म्हणून बोलताही येत नसे. न्यायाधीश गवा डोळे मिटून थोडी वाट पाहायचा, मग शिरस्तेदार कावळा शिक्का उठवायचा: ‘तक्रार नाही.’ सुखी रान होतं बघा!

या सुखाचा वीट आला तो एकट्या साळिंदर वकिलाला. रान त्याला काटेवकील म्हणे. ढवळी शेळीचं करडू लांडग्याने ‘राखायला’ म्हणून नेलं होतं आणि तिच्या फिर्यादीवर तीनदा शिक्का बसला होता. कपारीतून करडाचं बें बें रोज ऐकू येई, रोज जरा क्षीण. वकिलाला ते ऐकवेना. त्याने पाठीचा एक काटा उपटला आणि पिंपळाच्या कोवळ्या पानांवर गवताच्या प्रथेविरुद्ध ग्रंथ लिहायला घेतला. काटा झिजला की दुसरा उपटायचा.

“अहो, पाठ बोडकी होत चालली,” त्याची बायको म्हणाली. “उद्या लांडगा आला तर त्याला ग्रंथ वाचून दाखवणार का?”

“तिसरा अध्याय ऐक तर! ‘मोकळ्या तोंडाविषयी.’ काय उतरलाय!”

बिचारीने तो चौथ्यांदा ऐकला.

ग्रंथ दरबारात गेला आणि गव्याला फारच आवडला. वाचला नव्हता, तरी. त्याने मोठ्या मनाने हुकूम काढला: एवढ्या थोर ग्रंथाचा मान म्हणून यापुढे फिर्यादीने तोंडात गवताऐवजी याच ग्रंथाचं पान धरावं. वकिलाला हार घातला. तो घालून वकील घरी आला आणि त्या दिवशी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी ढवळीची चौथी सुनावणी. कावळ्याने तिच्या तोंडात पान दिलं, गव्याने डोळे मिटले. पान कोवळं आणि फिर्यादी शेळी. तिचा जबडा हलू लागला.

“अहो बाई, तिसरा अध्याय आहे तो!” वकील कळवळून ओरडला.

ढवळीने घास गिळला. तोंड मोकळं झालं.

“माझं करडू द्या,” ती म्हणाली. “लांडग्याने नेलंय, कपारीत आहे. आत्ताच्या आत्ता द्या.”

लांडगा गुरगुरत उठला. गव्याने डोळे उघडले. ऐकू आलेली तक्रार लिहून घ्यायची आणि लिहिलेल्या तक्रारीचा निकाल त्याच दिवशी द्यायचा, असा त्या रानाचा कायदाच होता. आजवर तशी वेळच आली नव्हती. कावळा पंख चाचपत राहिला. इतक्या वर्षांत त्याच्याकडे नुसता शिक्का होता, लेखणी नव्हतीच.

काटेवकील लांडग्याच्या समोरून चालत गेला आणि कावळ्याकडे पाठ करून उभा राहिला. पाठीवर एकच काटा उरला होता.

“उपटा, शिरस्तेदार,” तो म्हणाला.