सहा मिनिटांची पद्धत

घाटाखालच्या एका गावात लहान मुलांच्या तापाचं औषध बनवणारा कारखाना होता. औषध शुद्ध आहे की नाही, हे तिथल्या प्रयोगशाळेत ठरे. बारीक भुकटी ठासलेल्या नळीतून द्रवाबरोबर औषधाचा थेंब ढकलत. त्यात जे जे मिसळलेलं असेल ते आपापल्या चालीने चाले, वेगवेगळ्या वेळी बाहेर पडे आणि पडद्यावर एकेक शिखर उमटवी. एकच शिखर आलं, की औषध शुद्ध.

ही पद्धत प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या खांबेटेसरांनी बसवलेली. सहा मिनिटांत निकाल. चौतीस वर्षांत तिला कोणी हात लावला नव्हता.

कच्चा माल बदलला त्या महिन्यात, नव्याने लागलेल्या हेमांगीला शिखराच्या उतारावर किंचित फुगवटा दिसला. तिने द्रवाचा वेग कमी केला आणि चाळीस मिनिटं पडद्याकडे बघत बसली. एका शिखराची दोन झाली. दुसरं कशाचं, ते तिने ताडून पाहिलं. ते मूत्रपिंडं निकामी करणारं विष होतं. घाईत दोन्ही एकदमच बाहेर पडत होती.

ती कागद घेऊन सरांकडे धावली. "सर, ही दोन आहेत."

सरांनी मानही वर केली नाही. "नळी जुनी झालीय, पोरी. तुझ्या जन्माआधीपासून बघतोय मी ही शिखरं."

"मग आज माझ्यासोबत चाळीस मिनिटं बघा."

"तेवढ्यात मी सहा नमुने हातावेगळे करतो."

हेमांगीचं डोकं तापलं. हरकतीच्या वहीत कोणीही एक ओळ लिहिली, तरी माल फाटकाबाहेर जात नसे. तिने वही उघडली. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या निमकरबाईंनी तिचा हात धरला.

"अगं, आठ दिवसांनी रिटायर होतायत ते. निरोपाची शाल पडू दे अंगावर, मग लिही काय ते. एवढीही रीत नाही का तुम्हा पोरींना?"

हेमांगीने वही मिटली. निरोपाचं भाषण तिच्याच गळ्यात पडलं. सरांच्या अचूकपणावर ती चार वाक्यं बोलली. टाळ्याही पडल्या.

नवव्या दिवशी सकाळी तिने हरकत लिहिली. तोवर दोन ट्रक गेले होते. माल परत बोलावला, पण सगळा आला नाही. पंधरवड्यात तालुक्याच्या इस्पितळात तीन मुलं दगावली.

खांबेटेसर प्रयोगशाळेत आले. पूर्ण चाळीस मिनिटं पडद्यासमोर बसले. दुसरं शिखर सावकाश वर चढताना त्यांनी पाहिलं.

"तेव्हाच का नाही भांडलीस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

"नसतं ऐकलं," सर म्हणाले. "पण माल थांबला असता."



तात्पर्य: मोठ्यांना चूक पटेपर्यंत थांबू नये, त्यांचा मान राखायला दडवलेलं सत्य कुणा निष्पापाच्या जिवावर उठतं.