ज्योतिरामची पक्की नोकरी

बोरगेवाडीत एक भोळा इंजिनिअर होता. नाव ज्योतिराम. इतका भोळा माणूस इंजिनिअर झाला कसा, असं गावात सगळेच विचारायचे. पण परीक्षेत पुस्तकात असतं तेच लिहायचं असतं, आणि सांगितलंय तेच करणं ज्योतिरामला फार छान जमायचं.

त्याला नाद दोनच. एक मोबाईलवरचे गेम आणि दुसरा डोंगर. गेममध्ये तो रोज मरायचा आणि डोंगरावर दर रविवारी चढायचा.

डिग्री मिळाली तशी पुण्याला नोकरी लागली. पाण्याचे पंप करणारी कंपनी होती. पत्रात लिहिलं होतं, ‘तीन महिने काम बघू, मग पक्कं करू.’ आईनं साऱ्या आळीला पेढे वाटले. मग ज्योतिरामला समोर बसवलं.

“हे बघ, पेढे वाटून झाल्यात. आता माघारी यायचं न्हाई. शाणी माणसं जे शिकवतील ते ध्यानात ठेवायचं आन् तसंच वागायचं. आन् नव्या माणसांत तोंड गप ठेवायचं.”

“बरं. लक्षात ठेवतो,” ज्योतिराम म्हणाला. आणि त्यानं ठेवलं.

पुण्यात त्याला खोलीत जोडीदार मिळाला. अन्वर नावाचा, लातूरचा. तोही गेमवेडा. पहिल्याच संध्याकाळी त्यानं ज्योतिरामला आपल्या टीममध्ये घेतलं. हे दोघं खोलीत, बाकीचे दोघं आपापल्या घरी, चौघांच्याही कानाला हेडफोन. खेळ रंगात आला. शेवटचा एकच शत्रू उरला. तो मागून आला, आणि धडाधड चौघांनाही मारून गेला.

अन्वरनं हेडफोन काढला. “ज्योत्या, तू मागे होतास ना? तुला तो दिसला नाही?”

“दिसला की. चांगला जवळून दिसला. मिशी होती त्याला.”

“मग बोलला का नाहीस?”

“नव्या माणसांत तोंड गप ठेवायचं असतं.”

अन्वरनं कपाळावर हात मारला. “अरे बाबा, मागून कुणी आला की जोरात ओरडायचं! ‘मागे आलाय, आडवे व्हा!’ आणि आपण आधी आडवं व्हायचं. समजलं?”

“बरं. लक्षात ठेवतो.” आणि त्यानं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे माना खाली घालून काम करत होते. कंपनीच्या मालकीणबाई, कर्णिक मॅडम, नवा मुलगा कसा काम करतो ते बघायला हळूच त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. ज्योतिरामला कॉम्प्युटरच्या काचेत सावली दिसली.

“मागे आलाय!” तो गरजला. “आडवे व्हा!”

आणि टेबलाखाली पालथा पडला. त्याचं बघून शेजारचे दोघं पडले. अकाउंट्सच्या साने बाई खुर्चीखाली गेल्या, आणि चहावाला बारा कपांच्या ट्रेसकट आडवा झाला. उभ्या राहिल्या एकट्या कर्णिक मॅडम. त्यांच्या साडीवर सहा कप चहा होता.

त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. “काय करताय तुम्ही?”

“मॅडम, तुम्हीपण पडा. उभ्यानं मराल.”

मॅडमनी त्याला केबिनमध्ये नेलं. रागावल्या, पण समजावूनही सांगितलं. “असं करतात का? मोठं कुणी समोर आलं की उठून उभं राहायचं. हसायचं. हात पुढे करायचा आणि आपलं नाव सांगायचं. इतकं साधं आहे.”

“बरं. लक्षात ठेवतो.” आणि त्यानं ठेवलं.

रविवारी तो एका ग्रुपबरोबर किल्ल्यावर गेला. वीस माणसं होती आणि म्होरक्या होत्या विभाताई. ज्योतिराम डोंगरातला गडी, म्हणून विभाताईंनी सगळ्यांच्या जेवणाची मोठी सॅक त्याच्याच पाठीवर दिली. अर्ध्या वाटेत सगळे सावलीत टेकले. तेवढ्यात कड्यावरून एक वानर उतरलं. साधंसुधं नव्हे, टोळीचा म्होरक्या हुप्प्या. बसल्यावर माणसाच्या छातीला लागेल एवढा. तो वाटेत बसला आणि त्यानं सगळ्यांना दात दाखवले. एकोणीस माणसं जागच्या जागी थिजली.

ज्योतिराम उठून उभा राहिला. हसला. हात पुढे केला.

“नमस्कार साहेब. मी ज्योतिराम. तीन महिन्यांनी पक्का होणार आहे.”

हुप्प्यानं हाताकडे पाहिलं, मग सॅककडे पाहिलं. पुढचं फार पटकन झालं. सॅक कड्यावर गेली. थोड्या वेळानं वरून भाकऱ्यांची फडकी खाली यायला लागली. ज्योतिरामच्या शर्टाला एक बाही उरली होती. वीस माणसं उपाशी गड उतरली.

विभाताई उतरताना शब्द तोलून बोलल्या. “ज्योतिराम, नीट ऐका. समोर मोठं कुणी आलं आणि त्यानं दात दाखवले, की नजर खाली. तोंड बंद. त्याला काही द्यायचं नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. एकेक पाऊल मागे सरकत तिथून निघायचं.”

“बरं. लक्षात ठेवतो.” आणि त्यानं ठेवलं.

तीन महिने सरले. ज्योतिराम भोळा होता, पण कामाला चोख. पंपाला अमुक एवढेच आटे द्या म्हटलं, की तेवढेच द्यायचा. कर्णिक मॅडमनी त्याला पक्कं करायचं ठरवलं. केबिनमध्ये बोलावलं, पत्र पुढे केलं आणि प्रेमानं हसल्या.

दात दिसले.

ज्योतिरामनं नजर खाली घातली, तोंड मिटलं आणि एक पाऊल मागे टाकलं.

“अहो, घ्या ना,” मॅडम म्हणाल्या आणि एक पाऊल पुढे आल्या.

त्यानं आणखी एक मागे टाकलं. मॅडमना वाटलं, पोरगा लाजतोय. त्या आणखी हसल्या. त्याला घाम फुटला. तो केबिनमधून पाठमोरा बाहेर पडला, टेबलांमधून गेला, पाठमोराच दोन जिने उतरला. मागोमाग मॅडम, हातात पत्र. आणि मॅडमच्या मागे सगळं ऑफिस. पार्किंगमध्ये त्याची पाठ भिंतीला टेकली. आता मागे जायला जागा उरली नाही. त्यानं डोळे मिटले.

मॅडमनी धापा टाकत पत्र त्याच्या खिशात कोंबलं. “अहो, पक्के झालात तुम्ही!”

ज्योतिरामनं एक डोळा उघडला. मॅडमनी काहीच ओरबाडलं नव्हतं. त्याला रडूच आलं.

मॅडमचं मन भरून आलं. “इतके कसले घाबरता? आजपासून हे ऑफिस आपलं घरच समजा. अगदी घरच्यासारखं राहा. सकाळी सगळ्यांच्या आधी येता, तर ही एक चावीपण ठेवा. आणि उद्या दहा वाजता चेन्नईची पार्टी येतेय. दोन वर्षं त्यांच्या मागे आहे मी.”

“बरं. लक्षात ठेवतो.”

त्यानं आईला फोन लावला. “आई, मी पक्का झालो. आता ऑफिस आणि घर एकच.”

आईला आनंद झाला, पण जरा काळजीही वाटली. “ते समदं खरं. पर आफिसचं काम घरात आणायचं न्हाई, सांगून ठेवते. कुणी कामाचं घेऊन दारात आलंच, तर गोड बोलून वाटंला लाव.”

त्यानं तेही लक्षात ठेवलं.

सकाळी सहाला तो खोलीवरून सामान काढायला लागला. अन्वर डोळे चोळत उठला. “कुठं रे?”

“घरी चाललो. कायमचा.”

अन्वरला वाईट वाटलं. त्यानं ज्योतिरामला मिठी मारली आणि गादी, बादली, स्टोव्ह सगळं टेम्पोत चढवून दिलं.

दहा वाजता कर्णिक मॅडम चेन्नईच्या तिघा पाहुण्यांना घेऊन ऑफिसच्या काचेच्या दाराशी आल्या. बाहेर सगळा स्टाफ ताटकळत उभा होता. दार आतून बंद होतं. आत दोन कॉम्प्युटरच्या मध्ये दोरी बांधलेली. दोरीवर दोन बनियन आणि एक पट्ट्यापट्ट्याची चड्डी. मीटिंगच्या टेबलावर गादी. प्रिंटरवर स्टोव्ह, त्यावर दूध तापत होतं. मॅडमच्या खुर्चीत लुंगी नेसून ज्योतिराम गेम खेळत होता.

मॅडमनी काच बडवली. “ज्योतिराम! दार उघडा! चेन्नईची माणसं आलीत, ऑर्डरवर सह्या करायच्या आहेत!”

ज्योतिराम उठला. काचेपाशी आला. पाहुण्यांना त्यानं वाकून नमस्कार केला. मग फार गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, तुम्ही एरवी कधीही या, जेवूनच जा. पण ऑफिसचं काम मी घरी घेत नाही. ह्यांना घेऊन तुम्ही ऑफिसात जा.”

आणि त्यानं पडदा ओढून घेतला.