नानांच्या गाडीची तार

"मग ती बेडकासारख्या उड्या का मारते?" दस्तगीर मिस्त्रींनी विचारलं.

घैसास सरांकडे उत्तर नव्हतं. बावीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलेल्या माणसाला उत्तर नसलं की अंगाला खाज सुटते. त्यांनी परत पहिल्यापासून सांगायला घेतलं. गाडी एकोणीसशे चोपन्न सालची. ॲक्सिलरेटरची जुनी तार गंजून गेलेली, म्हणून नवी टाकली. मेकॅनिककडून नव्हे, स्वतःच्या हातानं. पेडलपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळ्यात जवळची वाट काढली. कुठं वळण नाही, कुठं ढील नाही. पेडलवर माशी बसली तरी इंजिनाला कळावं, इतकी चोख.

"हं," मिस्त्री म्हणाले.

मिरजेतल्या आपल्या गॅरेजात मिस्त्रींनी अशा अशा गाड्या जगवल्या होत्या की त्यांचे मालक कधीच वर गेले आणि गाड्या अजून बाजारहाट करत होत्या. एकदा म्हणे त्यांनी नुसतं टपावर थोपटून एक बंद गाडी सुरू केली होती. बोलण्यात मात्र हात आखडता.

सरांना घाई होती. गाडी त्यांच्या सासऱ्यांची, नानांची. नानांना जावई दोन आणि गाडी एक. त्यांनी जाहीर करून टाकलं होतं की पंचाऐंशीव्या वाढदिवसाला जो जावई आपल्याला धक्का न देता सांगलीच्या गणपतीला नेईल, गाडी त्याची. पहिला मान थोरल्याचा, म्हणजे सरांचा. म्हणून थोरल्यानं गुरुवारी रंगीत तालीम घेतली. सरांनी क्लच सोडला, गाडीनं उडी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या उडीला नानांची कवळी निघाली आणि समोरच्या काचेपाशी जाऊन सगळ्यांकडे बघून हसत बसली.

नानांनी बोळक्या तोंडानं एकच शब्द उच्चारला. धाकट्या जावयाचं नाव.

धाकटे साडू कापडवाले. गाडीचं बॉनेट पुढं असतं की मागं, हेही ते दुकानातल्या माणसाला विचारून सांगत. सरांना गुरुवारपासून जेवण जात नव्हतं. आज शनिवार. वाढदिवस उद्या.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. तारेला बोटानं टिचकी मारली.

टण्.

"सुरात आहे," ते म्हणाले.

सरांना ते कौतुकच वाटलं. "तार ताणल्याशिवाय बोलत नाही, चाचा. पलीकडच्या गल्लीत सतारवाल्यांना विचारा."

"सतार मांडीवर बसून असते, सर."

"म्हणजे?"

...

मिस्त्रींनी समोरच्या टपरीवरून चहा मागवला. कप काठोकाठ भरलेला. तो सरांच्या उजव्या हातात दिला. मग भिंतीवरच्या खिळ्याची सुतळी काढली, तिचं एक टोक इंजिनाच्या डोक्यावर बांधलं आणि दुसरं सरांच्या त्याच मनगटाला. मधे जराही झोळ नाही, टण् वाजेल अशी.

सरांना वाटलं, म्हातारपण. पण गरज त्यांची होती. बांधून घेतलं.

"हात हलवू नका," म्हणत मिस्त्रींनी गाडी सुरू केली.

जुनं इंजिन झोपेतून उठलेल्या पैलवानासारखं आळोखेपिळोखे देत उठलं. सुतळीनं मनगटाला हिसका दिला. अर्धा चहा सरांच्या क्रीम कलरच्या पँटवर गेला, उरलेला बुटात.

इंजिन बंद झालं.

"चहा कुणी सांडला?" मिस्त्रींनी शांतपणे विचारलं.

"मी हात हलवला नाही."

"मग?"

"इंजिन हललं."

"आणि तुमच्या हाताला काय वाटलं?"

इंजिन रबरावर बसवलेलं असतं, ते डुलणारच, हे सर दर वर्षी फळ्यावर काढून दाखवत. आता त्यांनी तारेकडे पाहिलं. मग बुटाकडे.

"क्लच सोडला की इंजिन डुलतं," ते हळूच म्हणाले. "ते डुललं की तार ओढली जाते... आणि गाडीला वाटतं, मीच पेडल दाबलं."

मिस्त्रींनी दुसरा कप आणवला. सुतळी तीच, फक्त मधे जरा झोळ सोडला. गाडी सुरू केली. पैलवान डुलत राहिला. चहावर तरंगही उठला नाही. सरांनी तो उभ्या उभ्या, बांधलेल्या हातानंच पिऊन टाकला.

मग मिस्त्रींनी तार काढली. सरांची जवळची वाट सोडून दिली. बॉनेटखाली एक ऐसपैस वळसा घेत, तापणाऱ्या पायपापासून लांबून, ती कार्ब्युरेटरला आणून जोडली. शेवटी चिमटीत धरून हरभऱ्याच्या डाळीएवढी ढील ठेवली. मापायला काही घेतलं नाही.

रविवारी नाना गाडीत बसले. वाटेतलं विश्रामबाग येईतो घोरू लागले, कवळी जागच्या जागी. देवळापाशी डोळे उघडून त्यांनी विचारलं, गाडी सुरू होत नाहीये का?

किल्ली तिथंच, धाकट्या साडूंसमोर, सरांच्या हातात पडली.

सोमवारी सर पेढे घेऊन गॅरेजात आले. खूप बोलले. साडूंचा चेहरा कसा झाला होता, तेही करून दाखवलं. निघताना मात्र दारात घुटमळले.

"चाचा, एकच राहिलंय. पेडल दाबलं की सुरुवातीला एवढंसं, डाळीएवढं, काहीच होत नाही." त्यांनी चिमटी करून दाखवली. "तेवढं काढून टाकू का? म्हणजे गाडीत दोष म्हणून उरणार नाही."

मिस्त्रींनी तोंडातला पेढा संपवला. हात पुसले. सरांच्या नव्या पँटकडे जरा वेळ पाहिलं...

मग उठून खिळ्यावरची सुतळी काढली.

"बसा," ते म्हणाले. "चहा सांगतो."