मिरचीचा कण

“मग तिला सांगणार कोण, सुनिम? ती माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही. तुमच्या शब्दाबाहेर मात्र ती नाही. तुम्ही नाही तर कोण?”

कोरियातल्या एका डोंगरावर भिक्षुणींचा मठ आहे, तिथे सकाळच्या पारी हे बोलणं चाललं होतं. विचारणारी दो ह्ये-रान. एके काळची वकील, आता खासदार. उद्या संसदेत नव्या कायद्यावरचं मतदान सुरळीत पार पडलं की मंत्री. आणि जिला विचारलं ती मठातली सगळ्यांत वडीलधारी, बोम्योंग सुनिम. तिकडे भिक्षुणीला मानाने सुनिम म्हणतात.

म्हातारीने उलट विचारलं, “माल-नाम तुला शेवटची कधी दिसली?”

ह्ये-रान काय सांगणार, कपाळ! माल-नाम संसदेच्या मोठ्या दारासमोर उपोषणाला बसली, त्या दिवसापासून बाईंची गाडी मागच्या दाराने आत जात होती.

या माल-नामची एकुलती एक लेक कारखान्यात रसायनं हाताळून हाताळून रक्ताच्या आजाराने गेली. कसली रसायनं, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. खटला घ्यायला कुणी वकील धजेना. तेव्हा तरण्याताठ्या ह्ये-रानने तो अंगावर घेतला आणि मालकाच्या वकिलांना कोर्टात घाम फोडला. त्या खटल्याने तिचं नाव झालं, नावावर ती निवडून आली. माल-नामचे हात हातात घेऊन तिने शब्द दिला होता : “पोरींच्या हातात विष देणाऱ्याने ते विष आहे हे सांगितलंच पाहिजे. असा कायदा मी आणीन.”

कायद्याचा मसुदा आला, उद्याचं मतदान त्यावरच होतं. फक्त तेवढं कलम पक्षाने गाळलं, कारण तेच मालकांना झोंबत होतं. आणि ह्ये-रानने मान डोलावली.

“एकच कलम गेलंय, सुनिम! बाकी कायदा जसाच्या तसा आहे. पदरात पडतंय ते घ्यायला नको का? तिला म्हणावं, चार घास खा. उद्या रस्त्यावर तिचं काही बरंवाईट झालं तर...”

“तर?”

“तर माझं काय होईल?”

बोलून गेली खरी, आणि तिने जीभ चावली. पण म्हातारीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“जेवायची वेळ झाली,” ती उठत म्हणाली. “चल.”

मठातलं जेवण म्हणजे मुकाट्याने करायचं काम. ज्याचे त्याचे लाकडी वाडगे. शिताचा एक कण टाकायचा नाही. शेवटी वाडग्यात थोडं पाणी घेऊन मुळ्याच्या खारवलेल्या फोडीने तो पुसायचा, फोड खायची, पुसलेलं पाणी पिऊन टाकायचं. मग चांगल्या पाण्याने एकदा विसळून ते पाणी मधल्या हंड्यात ओतायचं. आलं तितकंच निर्मळ ते परत गेलं पाहिजे.

ह्ये-रानला हे सगळं ठाऊक होतं. माल-नामच्या लेकीच्या क्रियाकर्माला ती इथेच जेवली होती. पण आज मन थाऱ्यावर कुठलं! फोड वाडग्यात फिरवली न फिरवली, पाणी ओतलं आणि घड्याळ पाहिलं.

हंडा बोम्योंग सुनिमपुढे आला. ती वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

पाण्यावर मिरचीचा एक लाल कण तरंगत होता.

तिने काही न बोलता हंड्यातलं पाणी आपल्या वाडग्यात घेतलं, प्यायली, आणि हंडा शेजारणीकडे सरकवला. तीही प्यायली.

“हे काय?” ह्ये-रान न राहवून म्हणाली. “कण माझा आहे. द्या इकडे, सगळं मीच पिते.”

“ज्याने टाकला त्याने एकट्याने प्यायचं, असा नियम नाही,” म्हातारी म्हणाली. “पंगतीत बसलेल्या सगळ्यांनी प्यायचं.”

“एवढासा तर कण आहे, सुनिम. बाकी पाणी स्वच्छ आहे.”

“हो. बाकी स्वच्छ आहे.”

हंडा पुढे पुढे जात राहिला. टोकाला एक आजारी भिक्षुणी बसली होती, खोकल्याने पार पिळून निघालेली. तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. तरी तिनेही आपल्या वाट्याचं पाणी संपवलं. ह्ये-रानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी हंडा तिच्याकडे आला, तेव्हा त्यात घोटभरच उरलं होतं. ती ते प्यायली.

“स्वच्छ असतं तर काय केलं असतं त्या पाण्याचं?”

“बाहेर ओतलं असतं. भुकेल्या प्रेतात्म्यांसाठी.” म्हातारी वाडगे फडक्यात बांधत होती. “त्यांचं पोट डोंगराएवढं, आणि गळा सुईच्या नेढ्याएवढा. पाणी तेवढं उतरतं. त्यात एवढासा कण असला, की घशाची आग आग होते.”

“म्हणजे आज त्यांना...”

“आज काही नाही.”

तेवढ्यात ड्रायव्हर धापा टाकत दाराशी आला. आत यावं की नाही, त्याला कळेना.

“बाई, शहरातून फोन आलाय. माल-नाम आजी रस्त्यावरच कोसळल्यात. इस्पितळात न्यायला गेले तर तयार होत नाहीत. डॉक्टर तोंडात पाणी घालतायत, पण पाणीसुद्धा आत जात नाहीये. घसाच मिटलाय म्हणतात.”

त्या बाईच्या हातची खिचडी ह्ये-रानने खटल्याच्या दिवसांत कितीदा खाल्ली होती. तिला ओरडून रडावंसं वाटलं, आणि रडता येईना.

“आता तरी चला, सुनिम! पाया पडते तुमच्या.”

“चल की.” म्हातारीने कोपऱ्यातली काठी केव्हाच उचलली होती.

ह्ये-रानचा जीव भांड्यात पडला. दोघी पायऱ्या उतरून गाडीपाशी आल्या. ड्रायव्हरने दार उघडलं.

“संसदेला कुठल्या दाराने घेऊ, बाई?” त्याने सवयीने विचारलं.

म्हातारी गाडीच्या दारात एक पाय ठेवून थांबली.

“मी तिचं डोकं मांडीवर घेईन,” ती म्हणाली. “माझ्या हातात तेवढंच आहे...”

मग तिने ह्ये-रानकडे नीट पाहिलं.

“तिच्या गळ्याखाली उतरेल असं तुझ्याजवळ काय आहे, वकीलबाई?”