विडीचा लाल दोरा

"मग आतातरी किल्ली द्याल ना, आप्पा?"

सुधन्वाने हातांवरची धूळ झटकत विचारलं.

आप्पा चाळीस वर्षं सोलापुरात पुस्तकांचं दुकान चालवत होते. नव्या लिहिणाऱ्यांची पुस्तकं पदरमोड करून छापत होते. गावातल्या कितीतरी लेखकांचं पहिलं पुस्तक याच उंबऱ्यातून बाहेर पडलेलं. सुधन्वा त्यांच्याच हाताखाली दहा वर्षं शिकला. आज संध्याकाळी आप्पांचा सत्कार, आणि मग दुकान सुधन्वाच्या हवाली.

"सकाळपासून एकेक पुस्तक झटकलंय," तो म्हणाला. "काय काय कोंबून ठेवलं होतं लोकांनी पानांत! एसटीची तिकिटं, दोरे, काडेपेटीचे तुकडे... दुकान आहे का उकिरडा? सगळं घंटागाडीत दिलं. आता बघा, कशी कोरी करकरीत दिसताहेत!"

आप्पांनी कपाटांवरून नजर फिरवली. किल्ली टेबलावर ठेवली. 

तेवढ्यात चंद्रव्वा आली. विड्या वळणारी बाई, कडेवर पोर. कारखान्यात विड्या देऊन परतताना ती इथं थांबायची, उभ्याउभ्या दोन-चार पानं वाचायची. तिच्यासारखे कितीतरी होते. आप्पांनी कधी कुणाला हटकलं नाही.

तिनं नेहमीचं जाड पुस्तक काढलं. पानं उलटली. पुन्हा उलटली.

"ओ दादा, माझा दोरा होता की यात. विडीचा, लाल."

सुधन्वा लगबगीनं पुढे आला.

"पान... पानाचा आकडा सांगा ना, ताई."

"आकडा कशाला ध्यानात ठिवू? दोरा होता न्हवं!"

"बरं, गोष्ट कुठवर आली होती?"

"ती बाई पोराला काठावर ठिवून पाण्यात उतरली... तेवढ्यात माझं पोर रडाया लागलं. तीन दिस झाले, जीव टांगणीला लागलाय बगा. माघारी येती का न्हाई ती?"

सुधन्वाने पुस्तक हातात घेतलं. त्याची प्रुफं त्यानंच दोनदा तपासली होती. प्रकाशनाच्या दिवशी त्यावर अर्धा तास भाषणही ठोकलं होतं. कुठला काना निसटला होता, कुठली वेलांटी चुकली होती, सगळं आठवत होतं. बाई पाण्यात केव्हा उतरली, तेवढं आठवेना. माघारी आली की नाही, तेही...

तो भराभर पानं उलटू लागला. चंद्रव्वा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"ऱ्हाऊ द्या," ती हसून म्हणाली. "तुमीबी अजून तिथवर आला न्हाई वाटतं."

त्याची मान खाली गेली.

"ताई, पुस्तक घरीच घेऊन जा. राहू दे तुमच्याकडं."

"घरी? घरी मला कोण वाचू देतंय!"

तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं, पहिलं पान उघडलं आणि दाराशी उभी राहिली.

सुधन्वाने किल्ली आप्पांच्या पुढ्यात सरकवली. वर बघायचा धीर होईना.

"नको, आप्पा. माझी लायकी नाही."



सत्कारासाठी आणून ठेवलेली नवी शाल आप्पांनी उलगडली. काठाचा एक दोरा ओढून काढला. तो किल्लीत ओवला आणि किल्ली सुधन्वाच्या तळहातावर ठेवली.

"सकाळपासून पुस्तकं नवी केलीस... आता जुनी करायला बस."